खरबुजाचा आकार कोण ठरवितो ?

(पंचायत सदस्य, ग्रामसेवक व शिक्षक यांच्या शिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळी हंगाम सरत आला की ग्रामपंचायतीच्या कचेरीत किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयात एक तक्रार हमखास येते. एखाद्या शेतकऱ्याने गेल्या साली नदीच्या वाळवंटात खरबुजाचा मळा केला. फळे गोल, जाळीदार, गोड. त्यांतले सर्वांत देखणे फळ त्याने निवडले, त्याचे बी धुऊन वाळविले आणि यंदा तेच पेरले. वेल जोमाने वाढले, फळही भरपूर धरले. पण पाहतो तो काय, काही वेलांना गोल फळे, काहींना अंड्यासारखी, तर काहींना चक्क लांबट. व्यापारी लांबट फळ हातातही घेत नाही. गिऱ्हाइकाच्या मनात खरबूज म्हणजे गोल, हे पक्के बसलेले असते. चवीत फारसा उणेपणा नसला तरी भाव निम्म्यावर येतो.

मग दोषी कोण, याचा शोध सुरू होतो. कोणी म्हणतो, शेजाऱ्याने बांधाला चिबूड लावला, त्याने घात केला. कोणी बी विकणाऱ्यास दूषण देतो, कोणी अवकाळी पावसास. क्वचित प्रसंगी शेजारची काकडी आणि कलिंगडही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली जातात. तंटा गावात मिटला तर ठीक, नाहीतर तो कचेरीच्या पायऱ्या चढतो. अशा वेळी निवाडा करणाऱ्याने फळाकडे पाहण्यापूर्वी फुलाकडे पाहिले पाहिजे. खरबुजाच्या आकाराची साक्ष फुलात असते, आणि ती वाचता आली तर निम्मे तंटे शेतातच मिटू शकतात. ही साक्ष कशी वाचावी, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम आरोपींची ओळख पटविणे इष्ट. खरबूज, कोकणातला चिबूड, पावसाळी पिकात आपोआप उगवणारे शेंदाड, ही नावे वेगळी, रूपे वेगळी, पण जात एकच. खानदेशात ज्यास डांगर म्हणतात तेही खरबूजच. अन्यत्र मात्र डांगर म्हणजे लाल भोपळा, हे बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. शेंदाडाची तर भाषेत थट्टाच झाली आहे. भित्र्या माणसास शेंदाडशिपाई म्हणण्याची चाल जुनी आहे. या सर्वांच्या पेशींत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात आणि त्यांचा आपसांत संकर सहज होतो. काकडीची गुणसूत्रे ७ जोड्या, कलिंगडाची ११ जोड्या. त्यांचे पराग मधमाशीने खरबुजाच्या फुलावर आणून टाकले तरी त्यांतून बीज धरत नाही. तेव्हा काकडी आणि कलिंगड या दोघांना निर्दोष म्हणून सोडून देण्यास हरकत नाही.

चिबडाची गोष्ट वेगळी. तो संकर करू शकतो. पण यंदाच्या फळाचा आकार यंदाच्या चिबडामुळे बदलला, हे म्हणणेही टिकणारे नाही. खरबुजाची साल आणि गर हा सारा मातृवेलीचा भाग आहे. बाहेरच्या परागाचा अंश उतरतो तो केवळ आतल्या बियांत. गाय कोणत्याही वळूपासून गाभण राहिली तरी तिचे शिंग आणि कातडे बदलत नाही. फरक दिसतो तो वासरात. तसेच हे आहे. शेजारच्या चिबडाचा उपद्रव झालाच असेल तर तो गेल्या साली झालेला असतो, आणि तो यंदाच्या पेरणीत प्रकट होतो. निवाड्यात हे एक वर्षाचे अंतर फार महत्त्वाचे आहे. ज्या शेजाऱ्याने यंदा प्रथमच चिबूड लावला, त्याच्यावर ठपका ठेवणे अन्यायाचे होईल.

आता फुलाकडे वळू. खरबुजाच्या वेलावर नर फुले भरपूर असतात. ती उमलतात आणि गळून जातात. फळ ज्या फुलापासून होते त्याच्या खाली एक लहानशी लवदार गाठ असते. वनस्पतिशास्त्रात तिला अंडाशय म्हणतात. हीच गाठ पुढे फळ होते. फूल उमलण्याच्या दिवशी ही गाठ लांबट असेल तर फळ लांबट, वाटोळी असेल तर फळ वाटोळे, असा सर्वसाधारण नियम आहे. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एडमंड सिनॉट यांनी भोपळावर्गीय फळांच्या आकाराचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि आकाराचे भेद आनुवंशिक असतात व अंडाशयाच्या वाढीतच ते दिसू लागतात, हे दाखवून दिले. फळ वाढते तेव्हा आकारमान वाढते. आकाराचा साचा बव्हंशी आधीच ठरलेला असतो.

फळ धरणारे हे फूलही दोन प्रकारचे आढळते. काही वेलांवर ते शुद्ध मादी फूल असते. त्यात परागाचे केसर नसतात. काही वेलांवर ते उभयलिंगी असते; मधोमध स्त्रीकेसर आणि भोवती पिवळे पुंकेसर. आपल्याकडील गोल खरबुजाचे बहुतेक वाण दुसऱ्या प्रकारचे आहेत. चिबूड आणि उत्तरेकडील लांब तर काकडी (हीसुद्धा खरी काकडी नसून खरबुजाचीच बहीण आहे) या बव्हंशी पहिल्या प्रकारच्या. शुद्ध मादी फुलाचे फळ लांबट होण्याकडे झुकते आणि उभयलिंगी फुलाचे गोल होण्याकडे. हा योगायोग नव्हे. १९२८ साली कॅलिफोर्नियातील रोझा यांनी दाखविले की या दोन प्रकारांतील भेद एकाच जनुकाने ठरतो, आणि त्यात मादी फुलाचा गुण प्रभावी असून उभयलिंगी फुलाचा गुण सुप्त आहे. १९६७ साली वॉल यांनी फुलाचे लिंग आणि फळाचा आकार हे गुण जोडीने पुढच्या पिढीत उतरतात, याचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

हे असे का व्हावे, याचा उलगडा होण्यास मात्र २००८ साल उजाडावे लागले. फ्रान्समधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कार्यात ते जनुक हाती लागले. आंबे पिकताना अढीत जो वायू सुटतो तो एथिलीन आपल्या परिचयाचा आहे. हाच वायू अत्यल्प प्रमाणात वनस्पतीच्या अंगात संप्रेरकाचे काम करतो. प्रस्तुत जनुक एथिलीन तयार करणाऱ्या एका विकराची कृती सांगते. मादी फुलाच्या कळीत स्त्रीकेसर जेथे घडत असतो तेथे हे विकर एथिलीन निर्माण करते आणि त्यामुळे शेजारच्या पुंकेसरांची वाढ खुंटते. गोल खरबुजांत या विकराच्या साखळीतील ५७ व्या जागी ॲलॅनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले आहे. शेकडो मण्यांच्या माळेत एकच मणी बदलला. पण तेवढ्याने विकर निकामी झाले. एथिलीन नाही म्हणून पुंकेसर मोकळेपणी वाढले आणि फूल उभयलिंगी झाले. काकडीतही असाच प्रकार आहे. तेथे याच जातीचे जनुक निकामी झाले की फूल उभयलिंगी आणि फळ आखूड होते. एथिलीन कमी पडल्याने अंडाशयाची लांबीच्या दिशेने होणारी वाढ मंदावते. म्हणजे बाजारात ज्या गोलपणासाठी गिऱ्हाईक चार पैसे अधिक देते तो गोलपणा, पाहू गेल्यास, एका बिघडलेल्या जनुकाची देणगी आहे !

अर्थात सारा कारभार एकट्या या जनुकाच्या हाती नाही. खरबूज आडवे कापले असता आत बियांचे बहुधा तीन कप्पे दिसतात. काही वाणांत ते पाच असतात. पाच कप्प्यांचे फळ अधिक गोलाईकडे झुकते. हा भेदही एका जनुकाचा असून पाचांचा गुण सुप्त आहे. शाळेत एक फळ कापून मुलांना कप्पे मोजावयास लावले, तर गुरुजींना आनुवंशिकतेचा पाठ फळ्यावाचून शिकविता येईल, आणि पाठानंतर फळही वाया जाणार नाही. याखेरीज टोमॅटोत २००२ साली 'ओव्हेट' आणि २००८ साली 'सन' या नावांची आकार बदलणारी जनुके सापडली. त्यांच्याच घराण्यातील जनुके खरबुजातही लांबी-रुंदीचे प्रमाण थोडेथोडे इकडे-तिकडे करतात. कलिंगडात 'सन' घराण्यातील जनुकाचा भाग मोठा आहे. तेथे लांब आणि गोल यांच्या संकरातून पहिल्या पिढीत लंबगोल फळ येते आणि दुसऱ्या पिढीत एक लांब, दोन लंबगोल, एक गोल असे प्रमाण पडते, हे वीटमन यांनी १९३७ सालीच नोंदविले आहे.

आकार केवळ बाह्य कारणांनीही बदलतो, हे खरे. जपानमधील कागावा प्रांतात झेन्त्सूजी येथे कलिंगडे पेटीत वाढवून चौकोनी केली जातात. ती शोभेची असतात, खाण्याची नव्हेत. पण त्यांचे बी पेरले तर चौकोनी कलिंगड उगवणार नाही. पेटीचा आकार बियांत उतरत नाही. आपल्या मळ्यात पेटीचे काम अपुरे परागसिंचन करते. खरबुजाचे पराग चिकट असतात. फूल उभयलिंगी असले तरी मधमाशीवाचून त्याचे भागत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी कीटकनाशक फवारले, मधमाश्या फिरकल्या नाहीत, की अंडाशयात एका बाजूस बी धरते व दुसऱ्या बाजूस नाही. ज्या बाजूस बी नाही ती बाजू आक्रसते आणि फळ वाकडे होते.

इतके समजले म्हणजे तक्रारीची चौकशी करणे अवघड राहत नाही. मळ्यात जावे आणि एकेक वेल पाहावा. एकाच वेलावर काही फळे सरळ आणि काही एका अंगास खुरटलेली असतील, तर बियाणाचा दोष नाही. मधमाशी किंवा पाणी कमी पडले आहे. याउलट एका वेलावरील सर्व फळे सारखी, पण वेलावेलांत फरक, असे असेल तर कारण बियाण्यातच आहे. आणि साऱ्या मळ्यातील फळे एकसारखीच, पण सांगितल्याहून निराळी असतील, तर वाणच दुसरा पुरविला गेला असे समजावे. पिशवी, पावती आणि पिशवीवरील खूणचिठ्ठी जपून ठेवण्याचा आग्रह कृषी खाते धरते, तो अशाच वेळेसाठी.

बियाण्यात दोष आहे असे दिसले की मग फूल पाहावे. गोल, उभयलिंगी फुलांच्या वाणात दोन्ही जनुके सुप्त असतात. अशा वाणाचे शुद्ध बी पेरले तर त्यातून शुद्ध मादी फुलाचा वेल निघणे जवळपास अशक्य. तरीही पंचवीस-तीस वेलांत एखादा वेल लांबट फळांचा आणि मादी फुलांचा आढळला, तर त्या बियाचा बाप परका होता. गेल्या साली जवळपास कोठे तरी चिबूड फुलला होता, किंवा बी गोळा करताना भेसळ झाली, असे अनुमान निघते. एका फळात चारपाचशे बिया असतात, आणि प्रत्येक बियाचा बाप निराळा असू शकतो. मधमाशी बांध ओळखत नाही. म्हणूनच प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांमध्ये ५०० मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी १,००० मीटर विलगीकरण अंतर ठेवावे लागते. दोन-चार एकरांच्या आपल्या शेतांत हे अंतर एकट्याने राखता येणे कठीण. ते सबंध शिवाराने मिळून ठरविले तरच राखता येईल. येथे पंचायतीला काम आहे.

तिसरी शक्यता अधिक सर्रास आढळते आणि तिच्यात गुन्हेगार कोणीच नसतो. शेतकऱ्याने दुकानातून संकरित वाण आणलेला असतो. फळे एकसारखी, सुंदर. तो त्यांतले बी राखतो. पण संकरित वेलाच्या अंगात आई आणि बाप या दोघांची जनुके जोडीने नांदत असतात. पुढच्या पिढीत ती विभक्त होतात. आईकडून मादी फुलाचे जनुक आणि बापाकडून उभयलिंगी फुलाचे आले असेल, तर राखलेल्या बियांतून दर चार वेलांत सरासरी तीन मादी फुलांचे आणि एक उभयलिंगी फुलांचा निघेल. इतर जनुकांची फाटाफूट त्यात मिसळली की फळांच्या आकारांचा बाजारच भरतो. पेरणाऱ्याने कष्ट केले, पाणी दिले, खत घातले. हंगाम गेला तो केवळ हा हिशेब कोणी सांगितला नाही म्हणून. हा हिशेब बियाण्याच्या पिशवीवर ठळक अक्षरांत मराठीत छापला जावयास हवा, असे सुचवावेसे वाटते.

संकरित बी महाग का, हाही प्रश्न शेतकरी विचारतो. त्याचे उत्तर पुन्हा त्याच जनुकापाशी येऊन थांबते. उभयलिंगी फुलांच्या वेलास आई करावयाचे तर आदल्या संध्याकाळी प्रत्येक कळी चिमट्याने उघडून तिचे पुंकेसर काढावे लागतात, कळी झाकावी लागते आणि दुसऱ्या सकाळी परक्या वेलाचे पराग लावावे लागतात. इतके करूनही हाताळलेल्या फुलांपैकी थोड्यांनाच फळ धरते. मादी फुलांचा वेल आई म्हणून घेतला तर पुंकेसर काढण्याचे काम वाचते, मजुरी वाचते. पण मग संकरित फळ लांबट होण्याचा धोका. स्वस्त बी आणि गोल फळ यांचे असे हाडवैर आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने १९८१ साली 'पंजाब हायब्रिड' हा वाण दिला, तेव्हा वेगळी वाट धरली. ज्याच्या फुलात पराग तयारच होत नाहीत असा नरवंध्य वेल आई म्हणून घेतला आणि 'हरा मधू' हा बाप केला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या 'पुसा रसराज' या संकरित वाणात मात्र मादी फुलांचीच आई आहे, आणि बाप राजस्थानचा 'दुर्गापुरा मधू'. मादी फूल राखून आकाराची अन्य जनुके निवडीने जुळवून आणता येतात. ते अशक्य नाही, पण त्यास वर्षे लागतात.

आता त्या चिबडाविषयी आणि शेंदाडाविषयी दोन शब्द, कारण वरील विवेचनात ते खलनायकासारखे वाटण्याचा संभव आहे. जगभरच्या १,१७५ नमुन्यांची जनुकीय तपासणी करून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे अनुमान काढले आहे की माणसाने खरबूज तीन वेळा स्वतंत्रपणे लागवडीस आणले. त्यांपैकी दोन वेळा भारतात आणि एकदा आफ्रिकेत. तेव्हा बांधावरचे शेंदाड हे या घराण्यातील वडीलधाऱ्यांच्या नात्याचे आहे. कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात १९२५ च्या सुमारास भुरी रोगाने खरबुजाचे पीक बसविले. तेथील 'हेल्स बेस्ट' या वाणाशी संकर करण्यासाठी रोगप्रतिकारक खरबूज मिळाले ते भारतातून गेलेल्या बियाण्यात, आणि त्यातून १९३६ साली 'पी. एम. आर. ४५' हा वाण बाहेर पडला. रोगप्रतिकाराचे जनुक आणि आकाराचे जनुक वेगवेगळी असल्याने एक ठेवून दुसरे वगळणे पैदासकारास जमते. बेढब म्हणून फेकलेल्या फळात काय दडले आहे, हे फेकणाऱ्यास कसे कळावे ?

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात डोंगरउतारावर चिबूड होतो, पिकला की उकलतो, आणि गणपतीच्या दिवसांत गूळ-खोबऱ्याबरोबर ताटात येतो. असे वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांसाठी 'वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१' मध्ये तरतूद आहे. शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी त्याच्या नावे होऊ शकते, आणि आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा हक्कही कायद्याने मान्य केला आहे; केवळ छापील नाममुद्रेचे बियाणे म्हणून ते विकता येत नाही. ग्रामसेवकांनी व शिक्षकांनी ही माहिती चिबूड लावणाऱ्या घरांपर्यंत पोहोचविली, तर त्यांस नोंदणीच्या अर्जासाठी दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

ज्याला खरबुजाचे बी घरीच राखावयाचे आहे त्याने प्रथम आपला वाण संकरित नाही, याची खात्री करून घ्यावी. मग फळ पिकण्याची वाट न पाहता फुलोऱ्यातच वेल निवडावा. ज्याची गाठ मनाजोगती वाटोळी आहे आणि ज्यावर रोग नाही, असे चारपाच वेल पुरेत. खरबुजाची फळधारी फुले बहुधा बगलफांद्यांच्या पहिल्या पेरांवर येतात. उद्या उमलेल अशी पिवळी पडू लागलेली कळी संध्याकाळी पाहून ठेवावी आणि तिच्या टोकास दोऱ्याचा सैल वेढा द्यावा, म्हणजे मधमाशी आत शिरणार नाही. त्याच वेलाच्या एका नर कळीसही तसाच वेढा द्यावा. सकाळी ऊन चढण्यापूर्वी दोन्ही वेढे सोडावेत, नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडून त्याचा पराग फळधारी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच फिरवावा आणि ते फूल पुन्हा बांधावे. देठास रंगीत दोरा बांधून खूण ठेवावी. दहांतील काही फुले गळतील, म्हणून एका वेलावर अनेक कळ्या हाताळाव्यात. जे फळ धरेल ते पूर्ण पिकून देठापासून सुटू लागेपर्यंत वेलावरच ठेवावे, आणि मजुरांस व घरच्या मुलांस आधीच सांगून ठेवावे की रंगीत दोऱ्याचे फळ खाण्यासाठी नाही.